मानधनाची ओळ

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, निधी मिळवताना आमचा सगळ्यात जास्त वेळ अंदाजपत्रकातल्या एकाच ओळीवर गेला. गावात एकट्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी स्वयंपाक करणाऱ्या आणि त्यांना घरपोच डबे पोचवणाऱ्या बायकांच्या मानधनाची ओळ. भांडी मंजूर झाली, शेगडी मंजूर झाली, डबे तर मागितले त्याहून जास्त द्यायला कंपनी तयार होती. माणसाच्या मेहनतीचे पैसे मात्र प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी खोडत होतं. आमच्यासारख्या लहान संस्था चालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं काम बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या काही गावांत चालतं. दसरा झाला की इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, काही थेट कर्नाटकात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल फिटेपर्यंत मागे फिरायची सोय नाही. लेकरं कुणाची बरोबर जातात, कुणाची हंगामी वसतिगृहात राहतात. लेकरांसाठी निदान योजना तरी आहे. घरी मागे उरतात ती म्हातारी माणसं, आणि त्यांच्याकडे पाच-सहा महिने कुणी बघत नाही.

लोक म्हणतात, रेशन आहे की. आहे. जानेवारी 2023 पासून ते फुकटही मिळतं. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचा पगारही मिळतो, जुलै 2023 पासून महिन्याला 1500 रुपये. म्हणजे धान्य घरात असतं. पण ते निवडायचं, गिरणीवर न्यायचं, दळून आणायचं, पाणी भरायचं आणि चुलीपुढे बसून भाकरी थापायची, हे मोतीबिंदू झालेल्या, गुडघे गेलेल्या ऐंशीच्या बाईनं कसं करायचं? आमच्या गावातली एक आजी सकाळी एकदाच भात टाकायची आणि दिवसभर तोच खायची. उरला तर दुसऱ्या दिवशी आंबलेलाही. डब्यात ज्वारी भरलेली, आणि तिच्या पोटात अन्न नाही. आम्ही हे काम सुरू केलं ते हे बघून.

सुरुवातीची वर्षं लोकवर्गणीवर गेली. सुगीला शेतकरी पायली-दोन पायली ज्वारी द्यायचे, किराणा दुकानदार डाळ-तेलाचं बिल अर्ध्यावर आणायचा, गॅसला कुणीतरी पुण्यात नोकरी करणारा मुलगा पैसे पाठवायचा. एका माणसाच्या दोन वेळच्या डब्याला 50 रुपयांच्या आसपास खर्च यायचा. गावं वाढली तशी ही वर्गणी पुरेना, आणि आम्ही कंपन्यांचे दरवाजे ठोठवायचं ठरवलं.

आधी कायदा समजून घेतला, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. कंपनी कायदा 2013, कलम 135. ज्या कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कोणत्या कामावर, ते सातव्या अनुसूचीत दिलं आहे. तिथं पहिल्याच कलमात भूक आणि कुपोषण आहे आणि तिसऱ्यात ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सोयी. आमचं काम दोन्हीकडे बसत होतं. प्रस्तावात कलमाचा क्रमांक लिहिला की कंपनीच्या माणसाचं काम सोपं होतं. त्यालाही वर कुणाला तरी पटवायचं असतं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. ट्रस्ट नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रं (आमची संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही आहे आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखालीही), धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल वनचा उतारा, पॅन, आयकराचं 12ए आणि 80जी (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी), स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल. आणि सीएसआर-1. कंपन्यांचा निधी घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा हा फॉर्म 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा आहे. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरतात, पदाधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी लागते आणि सीएचं प्रमाणन लागतं. त्याचा क्रमांक नसेल तर कंपनी तुम्हाला सीएसआरचे पैसे देऊच शकत नाही. आम्ही अन्न शिजवून वाटतो म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणीही मागितली. ती आमची वर्षाला 100 रुपयांत झाली, नफ्याचा धंदा नसला तरी करावी लागते.

यातला शेड्यूल वन जरा नीट समजून घ्या. त्या उताऱ्यावर ज्यांची नावं, त्यांनाच निधी देणारे विश्वस्त म्हणून धरतात. आमचे जुने अध्यक्ष वारले होते, नवी कार्यकारिणी ठरावानं निवडली होती, पण उताऱ्यावर नाव चढायला विश्वस्त कायद्याच्या कलम 22 चा चेंज रिपोर्ट (बदल अहवाल) मंजूर व्हावा लागतो. बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो दाखल करायचा. आम्ही केला होता म्हणून निभावलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका चांगल्या संस्थेचं काम याच एका कागदासाठी अडलेलं मी पाहिलं आहे. पैसा देणारा तयार, काम उभं, आणि सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नाही. कार्यकारिणी बदलली की त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

ऑडिटमध्ये आमची दुसरी अडचण निघाली. कायद्यानं तीन वर्षांचं तशाच कामाचं रेकॉर्ड लागतं. काम होतं, पण आम्हाला लोक ज्वारी देतात, पैसे नाही. त्यामुळे ताळेबंदात आमची उलाढाल एवढीशी दिसायची. एका कंपनीनं तेवढ्यावरून नकार दिला. तुमच्या उलाढालीच्या मानानं मागणी मोठी आहे, म्हणाले. मग आमच्या सीएंनी वाट दाखवली. वस्तुरूपात आलेल्या प्रत्येक देणगीची पावती फाडायची, त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावानं किंमत धरायची आणि ती हिशेबात दोन्ही बाजूंना दाखवायची. गावानं दिलेली ज्वारी त्या वर्षापासून कागदावर आली. मला याचा फार आनंद झाला, कारण खरी देणगीदार तीच माणसं आहेत.

आता कंपनी शोधायची तर बीडमध्ये मोठे कारखाने किती? कायद्यात लिहिलंय की कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कंपनी व्यवहार मंत्रालयानं ते बंधनकारक नाही असंही स्पष्ट केलं आहे, तरी बहुतेक कंपन्या आपल्या कारखान्याच्या दहा-वीस किलोमीटरपलीकडे बघत नाहीत. जिथं उद्योग तिथं निधी, आणि जिथून माणसं उठून कामाला जातात तो मुलूख कोरडाच. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. आम्ही मग साखर हा जिचा कच्चा माल आहे अशी एक कंपनी निवडली आणि प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं: तुमच्या मालात जी साखर पडते तिचा ऊस आमच्या गावची माणसं तोडतात, आणि ती तोडायला गेली की त्यांचे आईबाप उपाशी राहतात. त्यांचा फोन आला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं."

इथवर सगळं बरं चाललं होतं. अंदाजपत्रक गेलं आणि मानधनाची ओळ खोडून परत आलं. शेजारी शेरा होता, ॲडमिन खर्च पाच टक्क्यांच्या आत ठेवा, स्वयंपाकासाठी स्थानिक स्वयंसेवक वापरा.

मी तो कागद स्वयंपाकघरात वाचून दाखवला. आमच्याकडे भाकरी करणाऱ्या मावशी परातीतून हात न काढता म्हणाल्या, "ताई, मी बी गेले असते की तोडीला. हंगामाचे पैसे आले असते. हितं थांबलेय ते काय फुकट राबायला? ह्या म्हाताऱ्यांचं पोट हाय, मग माझं न्हाई का?"

मावशींचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. आमच्याकडे काम करणाऱ्या बायका कोण आहेत? एकीचा नवरा वारलेला. दोघींची गर्भाशयाची पिशवी काढलेली, वजन उचलायचं काम आता झेपत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्यभर चर्चा झाली, सरकारनं चौकशी समिती नेमली. त्यानंतरही त्या बायकांनी पोट कसं भरायचं हा प्रश्न आपल्या जागीच आहे. त्यांना फुकट राबवून म्हाताऱ्यांची भूक भागवायची, म्हणजे एका गरिबाचं काढून दुसऱ्याला द्यायचं. ते आम्ही करणार नव्हतो. कार्यकारिणीत तसा ठरावच केला, मानधन नाही तर निधी नको.

पण नुसता ताठरपणा दाखवून भागत नाही, नियम दाखवावा लागतो. ती पाच टक्क्यांची मर्यादा नेमकी कशावर आहे? कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला, त्यावर देखरेख करायला जो थेट खर्च येतो तो त्यात धरायचाच नाही. मंत्रालयानं ऑगस्ट 2021 मध्ये प्रश्नोत्तरांचं परिपत्रक काढलं, त्यात शिक्षणाच्या प्रकल्पातला शिक्षकांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च मानला आहे. शिक्षकाचा पगार शिक्षणाचा खर्च असेल, तर भाकरी करणारीचं मानधन अन्नाचा खर्च का नाही? आमच्या सीएंनी एवढंच एका पानावर लिहून दिलं. आणि आम्ही ओळीचं नाव बदललं. आधी तिथं नुसतं "मानधन" होतं, ते "थेट प्रकल्पखर्च: अन्न तयार करणे व घरपोच वितरण (मनुष्यबळ)" असं केलं. त्याखाली पोटहिशेब दिला: किती डब्यांमागे किती तास, कोण काय करतं.

त्यावर त्यांनी सांगितलं, आधी प्रत्यक्ष येऊन बघतो.

पाहणीला दोघं आले. आम्ही स्वागत-सत्कार ठेवला नाही, सकाळी सहाला स्वयंपाकघरातच बोलावलं. ओळीनं डबे मांडलेले होते, काहींच्या कडीला लाल दोरा, काहींच्या पांढरा, काहींना काहीच नाही. त्यातल्या मॅडमनी दोऱ्याचं विचारलं. मावशींनी सांगितलं: लाल दोरा म्हणजे दात नाहीत, भाकरी वरणात कुस्करून मऊ करून द्यायची, तिखट घालायचं नाही. पांढरा दोरा म्हणजे साखरेची बीमारी, भात नाही, भाकरी आणि पालेभाजी. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. मावशी बोलत गेल्या तसं मॅडम लिहून घेत होत्या. कुणाला वाटाणा चालत नाही, कोण संध्याकाळचा डबा सकाळीच खाऊन टाकतो म्हणून त्याला दोन फेऱ्या कराव्या लागतात.

मग डबे पोचवणाऱ्या ताईबरोबर त्या वस्तीवर गेल्या. ताई नवा डबा ठेवण्याआधी कालचा उघडून बघते. रिकामा असेल तर ठीक. तसाच भरलेला असेल तर ती तिथंच बसते, कपाळाला हात लावून बघते, काय दुखतंय विचारते, आणि आशाताईला, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेला, फोन करते. त्या दिवशी एका घरी डबा अर्धा भरलेला निघाला. आजोबांना दोन दिवस ताप होता, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. आशाताई आल्या, गोळ्या दिल्या, दुपारी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. परत येताना मॅडम जीपमध्ये काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, की वितरण हा शब्द पुरा पडत नाही, प्रस्तावात हे जसं दिसलं तसं लिहा.

आम्ही लिहिलं, आणि ओळ मंजूर झाली. मागितलं होतं त्याहून थोडं कमी, पण दर महिन्याला, बँकेत, प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात. त्यासाठी दोघींची खाती नव्यानं उघडावी लागली.

पुढचं भांडण तारखांचं. कंपनीचं वर्ष 31 मार्चला संपतं. आमचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि कारखाने रेंगाळले तर गुढीपाडवा उलटून जातो. सीएसआर समितीची बैठक, मग संचालक मंडळ, मग करारनामा, असं करत पहिला हप्ता आला तेव्हा टोळ्या जाऊन महिना उलटला होता. तोवर किराणा उधारीवर आणि पीठ गावच्या ज्वारीचं. आणि इकडे मार्च लागताच वापर प्रमाणपत्रासाठी तगादा. त्यांचंही कारण आहे. संस्थेच्या खात्यावर पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं कायदा मानत नाही, संस्थेनं ते वापरल्याचं कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. उरलेल्या पैशांचा किराणा मार्चमध्येच भरून ठेवा, असं सुचवण्यात आलं. डाळ ठेवता येईल, पण एप्रिलचं मानधन मार्चमध्ये कसं देणार, आणि पालेभाजी कुठं साठवणार?

यावर उपाय कायद्यातच आहे, फक्त तो सुरुवातीलाच मागावा लागतो. कंपनीच्या मंडळानं प्रकल्पाला "चालू प्रकल्प" म्हणून मंजुरी दिली, तर वर्षअखेरीला न खर्चलेली रक्कम 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. दुसऱ्या वर्षी आम्ही प्रस्तावातच तसं लिहिलं. शेतीशी, हंगामाशी, स्थलांतराशी ज्यांचं काम बांधलेलं आहे अशा प्रत्येक संस्थेनं हे मागावं. अर्जही दिवाळीनंतर करू नका. एप्रिल-मेमध्ये द्या, म्हणजे दसऱ्यापर्यंत पैसे हाती येतात.

फोटोंवरूनही बराच खल झाला. त्यांना प्रत्येक वृद्धाचा डबा हातात घेतलेला, मागे बॅनर असलेला फोटो हवा होता. आम्ही नाही म्हणालो. आयुष्यभर राबलेल्या माणसाला दोन घासांसाठी बॅनरपुढे उभं करायचं नाही. त्याऐवजी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कंपनीचं नाव रंगवलं, डब्यांच्या गाडीवर लावलं, रोजच्या स्वयंपाकाचे तारीख-वेळेसकट फोटो पाठवले. वाटपाच्या नोंदवहीत दर डब्याला अंगठा हवा होता, त्यावर असं ठरलं की आठवड्यातून एकदा आशाताई आणि ग्रामपंचायतीचा सदस्य घरोघर जाऊन पडताळणी करतील आणि सही करतील. त्यांच्या ऑडिटरनी हे मान्य केलं. आपण दुसरा चांगला पुरावा समोर ठेवला तर माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

हिशेबाचं काम मात्र खरंच जड आहे. प्रकल्पाचं वेगळं बँक खातं, प्रत्येक खर्चाचं व्हाउचर, मानधनाचं मस्टर, तिमाही अहवाल. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईकडून पक्कं बिल कसं आणणार? आमचं ठरलंय तसं: स्वतःच छापलेल्या व्हाउचरवर वजन, भाव, तिचं नाव आणि अंगठा, खाली स्वयंपाकघरातल्या दोघींच्या सह्या. हे सगळं बघायला एक मुलगी अर्धवेळ ठेवली आहे. ती गावचीच, वाणिज्य शाखेची पदवीधर. तिचा पगार मात्र अजून कोणतीच कंपनी देत नाही. हिशेब चोख हवा, पण हिशेब ठेवणाऱ्याचा खर्च नको, असं सगळ्यांचंच म्हणणं. तिचे पैसे आम्ही लोकवर्गणीतून देतो.

कंपनीचा निधी कधीतरी संपणार, म्हणून आता गावानंही वाटा उचलायचा असं ग्रामसभेत ठरलं आहे. टोळी निघताना ज्यांचे आईबाप मागे राहतात त्या प्रत्येक घरानं हंगामाची थोडी वर्गणी द्यायची. उचल हातात असते तेव्हाच ती निघू शकते, नंतर नाही. दोन मुकादमांनी आपल्या टोळीची जबाबदारी घेतली आहे. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडून घ्यायची नाही, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांचा डबा बंद करायचा नाही, हेही त्याच ठरावात लिहिलं आहे.

डोंगरापलीकडच्या तीन गावांनी आमच्याकडे मागणी केली आहे. तिथं स्वयंपाकाला थांबायला तयार असलेल्या बायका आहेत, समाजमंदिराची खोली आहे, शिवाय ज्वारीही आहे. त्यांच्यासाठी नवा प्रस्ताव या उन्हाळ्यात दोन कंपन्यांना पाठवला. सोबतच्या पत्रात पहिलीच विनंती अशी केली आहे: आकडे बघण्याआधी एकदा सकाळी सहाला स्वयंपाकघरात या. एका कंपनीनं नोव्हेंबरची तारीख दिली आहे. दुसरीच्या उत्तराची वाट बघते आहे.